शेवटच्या पाटीवरचं नाव

अकरा खुनी सिनेमांची सुरुवात मी पाहिली आहे, आणि त्यांतल्या एकातही खून कोणी केला हे मला आजवर कळलेलं नाही. त्याला कारण आमचे सर. कलाशाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांनी वर्गात चिठ्ठ्या फिरवल्या. प्रत्येकाने एका प्रकारचे चित्रपट घ्यायचे आणि सुरुवातीला पडद्यावर जी नावं येतात त्यांचा अभ्यास करायचा. अक्षरं कशी आहेत, मागे चित्र कोणतं, कोणाचं नाव आधी नि कोणाचं नंतर, आणि या सगळ्यातून पुढच्या गोष्टीची चाहूल कशी लागते, ते मांडायचं. कोणाला पौराणिक निघाले, कोणाला विनोदी. माझ्या चिठ्ठीत 'रहस्यपट' लिहिलेलं होतं. अलिबागला घरी कळवलं तर आईचं उलट टपाली उत्तर आलं, "मुलीच्या जातीला देवादिकांचे सिनेमे देता आले नसते का तुझ्या मास्तरांना?"

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी गिरगावात मावशीकडे राहत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्याचा दोष द्यायला मला दुसरं कोणी सापडलेलं नाही. मी शोधून पाहिलं आहे.

नावांना लोक पाट्या म्हणत. "पाट्या पडल्या का?" असं विचारत माणसं आत शिरायची. पाट्यांचा वेळ हा खुर्ची शोधण्याचा, पोराला मुतवून आणण्याचा, शेंगदाण्याची पुडी सोडण्याचा वेळ. त्या कोणी वाचत नसे. जवळच्या थिएटरच्या डोअरकीपरला मी गाठलं आणि म्हटलं, "मला सिनेमा बघायचा नाही, नुसत्या पाट्या बघून बाहेर येते." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाला जाऊन फक्त अक्षता घेऊन परत येणार होते. पण भला माणूस होता. मॅटिनीला तो मला कोपऱ्यात उभी करी, मी अंधारात वहीवर अंदाजाने अक्षरं उतरवी आणि दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की मुकाट बाहेर पडे. तिथे माझं नाव 'पाट्यावाली बाई' पडलं.

बहुतेक सिनेमांत तोच माल होता. ओला रस्ता, दिव्याचा खांब, जिना, हॅटवाल्याची सावली आणि रक्त ठिबकावं तशी ठिबकणारी अक्षरं. त्यात अभ्यास करण्यासारखं काय होतं? पण तीन सिनेमांतल्या पाट्या वेगळ्या होत्या. काळ्यावर साधी पांढरी अक्षरं, रक्त नाही, सुरी नाही, आणि तरीही वाचताना भीती वाटायची. तिन्ही एकाच हातच्या होत्या, एवढं मला कळत होतं. भीती कशाने वाटते ते मात्र कळत नव्हतं. ते सिनेमे ज्या स्टुडिओत निघाले होते तिथे मी चौकशी केली. रंगाच्या खोलीत ब्रश धुणारा एकजण म्हणाला, "ती अक्षरं आमच्या पेंटरची." त्याने आडनाव सांगितलं. पहिलं नाव त्यालाही माहीत नव्हतं. सगळे 'पेंटर' म्हणूनच हाक मारत. मी अलिबागची हे ऐकून म्हणाला, "गेल्या साली वारला. तुमच्याच बाजूचा. चौलचा."

सिनेमातल्या सगळ्यांची नावं लिहिणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या कामाच्या ठिकाणी कोणाला ठाऊक नाही, याची मला तेव्हा गंमत वाटली. मी ते वहीत टिपूनसुद्धा ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी लाँचने रेवसला उतरून घरी गेले आणि शनिवारी सकाळच्या एस.टी.ने चौलला. रामेश्वराच्या देवळापाशी उतरले. पुष्करणीच्या कडेने विचारत विचारत गेले, तर सुपारीच्या एका वाडीत कौलारू घर निघालं. पेंटरची बायको पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. पन्नाशीची, बारीक, कपाळ मोकळं. मी कोण, कुठली, कशाला आले ते सांगितलं. तिने हातातली सुपारी सुपात टाकली. मग म्हणाली, "त्यांच्या पाट्या बगायला तू ममईसून आलीस? ये गो बाय, आत ये."

मी तिला काकी म्हणायला लागले.

काकीने माळ्यावरून पत्र्याची ट्रंक काढवली. आत काळ्या पुठ्ठ्याच्या पाट्या होत्या, साठ-सत्तर तरी. स्टुडिओने नापास केलेल्या, एखादी वेलांटी चुकलेल्या, नाहीतर निर्मात्याचं नि नटाचं बिनसलं म्हणून ऐनवेळी गळलेल्या नावांच्या. पेंटर प्रत्येक खेपेला गावी येताना त्या घेऊन यायचे. काही पाट्या ट्रंकेत नव्हत्याच. त्या काळी ज्याच्या नावावर मुली वेड्या होत्या त्या नायकाचं नाव लोणच्याच्या बरणीवर उपडं पडलं होतं. "जाड पुठ्ठा हाय, मुंगी शिरत न्हाय," काकी म्हणाली. मी पोट धरून हसले, आणि तीही हसली.

तिला अक्षर येत नव्हतं. पण पाटी हातात घेऊन ती मला जे सांगत गेली, ते आमच्या कलाशाळेत तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. "ही सादी पाटी. ही खुनाची," ती एका नजरेत वेगळी करी. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "हिचा उजेड खालनं हाय. बग, सावली वर चढलीया. मानसाच्या तोंडावर खालनं कंदील धरला का तो भुतावानी दिसतो, तसं." पेंटर सुट्टीत घरी पाट्या करायला बसले की लाकडाचं एक अक्षर उभं करायचे आणि काकी त्याच्या खाली कंदील धरून बसायची. सावली कशी वर जाते ते बघून मग ते रंगवायचे. "हात भरून यायचा माजा," ती म्हणाली, पण तक्रारीच्या सुरात नाही.

मग तिने बोट ठेवलं ते शिरोरेषेवर. त्या तिन्ही सिनेमांत अक्षरावरची आडवी रेघ मधेच तुटलेली होती. ती मी पाहिली होती आणि घाईत काम केलं असेल म्हणून सोडून दिली होती. "ते सांगायचे, सादं अक्षर छपराखाली बसलेलं असतं. खुनाच्या पाटीत छप्पर काडायचं. मानूस उगड्यावर पडला का त्याला भ्या वाटतं, तसं वाचनाऱ्याला वाटलं पायजे."

मी भराभर लिहून घेत होते. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं, खरंच सांगते. इतका आनंद मला झाला होता.

क्रमाबद्दलही तिने सांगितलं. आधी नटनट्या, मग गाणी, मग फोटो घेणारे, आणि सगळ्यांच्या शेवटी एकट्याची पाटी. "शेवटाला ज्याचं नाव येकलं येतं, तो सगल्यांचा धनी. बाकीची आपली पंगतीला बसलेली." आणि मग, सुपारी सोलायची सुरी बाजूला ठेवून ती म्हणाली, "तू ह्या पाट्या ने. सगल्या ने. फक्त येक कर. तुमच्या तितं लोक बगायला येनार ना? तितं त्यांचं नाव लिव. जगाची नावं लिवली त्यांनी. सोताचं येकदा बी न्हाय."

"लिहीन की! काय नाव त्यांचं?"

 ती पदर ओढून, लाजल्यासारखी, तोंड वळवून हसली. नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेणार नव्हती. नवऱ्याचं वर्षश्राद्धही उरकलेल्या बाईने आता कोणाचं आयुष्य कमी होईल म्हणून भ्यायचं? मी हसत हसत तसं म्हणालेही. म्हणजे अगदी याच शब्दांत नव्हे, पण तोच अर्थ होईल असं. "काकी, आता कसला संकोच?" ती म्हणाली, "न्हाय गो. जीभच वलत न्हाय."

मग तिने कोडं घातलं. "आपल्या देवलात जो देव हाय ना, त्याचं जे नाव, तेच त्यांचं." आणि हनुवटीने वाडीपलीकडे दाखवलं. मी ज्या बाजूने आले होते, त्याच बाजूला, असं मला वाटलं. लहानपणापासून हळदीकुंकवाला उखाणे ऐकून मी तयार झालेली. कोडं सुटल्याचा आनंद झाला आणि मी टाळी वाजवून म्हणाले, "कळलं, कळलं!" नाव उच्चारून एकदा 'बरोबर ना?' विचारलं असतं तर तिने मान हलवली असती. किंवा जाताना ग्रामपंचायतीत डोकावले असते. पण रेवदंड्याहून परतीची एस.टी. यायची वेळ झाली होती, आणि खरं म्हणजे नावाशी मला काही कर्तव्यच नव्हतं. मला पाट्या हव्या होत्या. त्या मिळाल्या होत्या.

पुढचे दीड-दोन महिने मी मन लावून काम केलं. मोठा बोर्ड केला. डावीकडे ठिबकणाऱ्या अक्षरांचे नमुने, उजवीकडे पेंटरच्या पाट्या, मधे टिपणं. कंदिलाबद्दल लिहिलं, तुटलेल्या शिरोरेषेबद्दल लिहिलं. 'अक्षराचे छप्पर काढून घेतले की वाचक उघड्यावर पडतो' हे वाक्य सरांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुला सुचलं?" मी 'हो' म्हटलं नाही. नुसती खाली मान घालून हसले, विनयशील मुलगी हसते तशी. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात, माझ्याकडे तर ते अर्धंही नव्हतं.

बोर्ड सिनेमासारखाच रचायचा असं मी ठरवलं होतं, म्हणून सगळ्या नमुन्यांच्या शेवटी एक पाटी एकटी लावली. काळा पुठ्ठा, खालून चढलेली सावली, मधेच तुटलेली शिरोरेषा, अगदी पेंटरच्या वळणाची. चार दिवस मी त्यांचं वळण गिरवत होते आणि शेवटी ते मला साधलं. त्या पाटीवर माझं नाव होतं. दिलेल्या शब्दाची आठवण मला बोर्ड उभा राहिल्यावर झाली. तेव्हा कागदाची एक चिंचोळी पट्टी कापून तळाशी डकवली. 'मूळ नमुने' असं लिहून पुढे रामेश्वराच्या देवळातल्या देवाचं नाव आणि पेंटरचं आडनाव. दोन मिनिटांचं काम.

प्रदर्शन फेब्रुवारीत होतं. काकीला मी पोस्टकार्ड टाकलं होतं. "तुम्हीही या बघायला", असं आपण कोणालाही लिहितो तसं लिहिलं होतं. ती येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. लालबागला गिरणीत काम करणारा भाचा तिला फाटकाशी सोडून पाळीला गेला होता. स्वच्छ पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. आमच्या त्या उंच छताच्या दालनात ती दारापाशीच थांबली होती आणि मी दिसताच तिचा चेहरा फुलला. "बाय, केवडं मोठं गो!" मला आनंद झाला हे खोटं नाही. मी तिचा हात धरून बोर्डापाशी नेलं, खुर्ची आणून दिली. ती बसली नाही. एकेक पाटी ओळखत गेली. ही अमक्या दिवाळीची, ही केली तेव्हा वाडीत पाणी शिरलं होतं. मग तिची नजर तळाच्या पट्टीवर गेली. शेजारी माझी एक वर्गमैत्रीण उभी होती. काकीने तिला विचारलं, "ह्ये काय लिवलंय गो, वाच ना जरा."

तिने खणखणीत आवाजात वाचलं.

काकीच्या कपाळाला आठी पडली. "आमच्या आडनावाचा ह्यो कोन? आमच्या भावकीत ह्या नावाचं कोनी न्हाय."

 मैत्रीण दुसरीकडे गेली होती, हे नशीब. मी हळूच विचारलं, "काकी, तुम्ही देवळातल्या देवाचं नाव म्हणालात ना?"

"व्हय की. आमच्या देवलातल्या. डोंगरावरच्या."

चौलला खाली तळ्याकाठी रामेश्वर आहे आणि वर डोंगरावर दत्त. मी उतरले होते खाली, म्हणून मला खालचा दिसला. तिचं 'आपलं' देऊळ वरचं होतं. तिने हनुवटी केली होती ती डोंगराकडे.

त्या क्षणी खरं सांगायला काय लागत होतं? 'काकी, चुकले मी, मी नीट विचारलं नाही.' एवढी दोन वाक्यं. पण पलीकडे सर उभे होते, लोक येत-जात होते, आणि मी म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक आहे ती. काढायला सांगते मी उद्या." लिहिणारी कोण ते सांगितलं नाही.

"असं व्हय," ती म्हणाली. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता. "मंग त्यांचं कुटं हाय?"

मला काही बोलावं लागलंच नाही. विचारता विचारताच तिची नजर शेवटच्या पाटीवर गेली होती. काळ्यावर पांढरं, खालून उजेड, वरचं छप्पर तुटलेलं. सगळ्यांच्या शेवटी, एकटं. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या हाताचं वळण तिला डोळे मिटून ओळखता आलं असतं. मी ते चार दिवस गिरवलं होतं ना.

"ह्ये," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "ह्ये त्यांच्या वलनाचं हाय. शेवटाला येकलं. ह्येच ना गो बाय? त्यांचं?"

मी म्हटलं, "हो."

तिने पदराने हात पुसला आणि पाटीवर ठेवला. मग एका बोटाने एकेक अक्षर गिरवलं, वरून खाली, सावकाश, देवाच्या पायावरून हात फिरवावा तसं. माझ्या नावावरून. पिशवीतून एक सुपारी काढून तिने पाटीखालच्या फळीवर ठेवली आणि नमस्कार केला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती खूश होती. तिला इतकं खूश मी चौललाही पाहिलं नव्हतं. मी तिथे उभी होते आणि मला आपलं थोबाड फोडून घ्यावंसं वाटत होतं. पण मी तेवढं वाटून घेण्यापलीकडे काही केलं नाही.

निघताना तिने विचारलं, "झालं का ही पाटी मला देशील? भिंतीला लावीन." मी म्हणाले, परीक्षक येऊन गेले की आणून देते. भाऊच्या धक्क्यावर तिला लाँचमध्ये बसवून दिलं. तिने वर उभ्या असलेल्या मला दोनदा हात केला.

त्या संध्याकाळी मी तळाची पट्टी खरवडून काढली. तिच्या जागी दत्ताचं नाव आणि आडनाव लिहिलं. पट्टी तेवढीच चिंचोळी होती, कारण मोठीला आता बोर्डावर जागा नव्हती. माझी पाटी मी हलवली नाही. हलवली असती तर सरांनी कारण विचारलं असतं. निकालात मी पहिली आले. आईने पेढे वाटले. 'छप्पर' वाक्य सरांनी पुढच्या वर्षीच्या मुलांनाही सांगितलं म्हणे. ते कोणाचं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही, आणि आता सांगायला ते राहिले नाहीत.

पण पाटीचं काय करायचं? माझ्या नावाची पाटी त्या घरात भिंतीवर लागणार, तिच्यापुढे ती बाई रोज हात जोडणार, आणि कधीतरी कोणी शिकलेला पाहुणा येऊन वाचणार. खाई त्याला खवखवे. मला जेवण जाईना. मग मी वाट काढली, आणि ती काढताना मला आपण फार प्रामाणिक होत आहोत असं वाटलं. नवी पाटी करायची. तेच वळण, तीच सावली, तेवढाच पुठ्ठा. फक्त नाव खरं. तिला वाचता येत नाही, म्हणजे पाटी बदललेली तिला कळणार नाही. घरात खरं नाव लागेल, खोटं आपोआप पुसलं जाईल, आणि कोणाला काही सांगावं लागणार नाही.

मे महिन्यात, पावसाने लाँच बंद व्हायच्या आत, मी चौलला गेले. या खेपेला आधी ग्रामपंचायतीत जाऊन मृत्यूच्या नोंदीत पेंटरचं नाव पाहिलं. दत्ताचंच होतं, पण सरकारी कागदात आणि माझ्या पट्टीत एका अक्षराचा फरक होता. म्हणजे मी दुसऱ्यांदाही चुकीचंच लिहिलं होतं. तिथल्या कारकुनाने वही काढून दाखवायला दहा मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. मग ओट्यावर बसून मी सोबत आणलेल्या रंगाने नव्या पाटीवरचं ते अक्षर दुरुस्त केलं आणि ती वाळल्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून काकीच्या घरी गेले.

तिने खिळा आधीच ठोकून ठेवला होता. मला पाहून हातातलं काम टाकलं, हात धुऊन आली, पाटीवरचा कागद सोडला. पाटी मांडीवर घेतली आणि बोट फिरवायला लागली. मी शेजारी बसले होते. बोट शेवटापर्यंत गेलं, परत मागे आलं, आणि मधे एका जागी थांबलं.

"ही ती न्हाय," ती म्हणाली.

"तीच आहे, काकी."

"न्हाय गो. त्यात हितं येक अक्षर व्हतं, त्याच्या खाली कोयती लटकवल्यावानी. मी बोट फिरवलं ना. ह्यात कोयती कुटं हाय?"

माझ्या नावात ऊकार आहे.

मी आणखी एक खोटं बोलू शकले असते. मनात दोन तयारही झाली होती. पण ती इतक्या साधेपणाने माझ्याकडे पाहत होती की जीभ उचलेना. मी सगळं सांगितलं. कोडं कळलं असं वाटून घाई केली, पट्टीवर भलतंच नाव लिहिलं, ते लिहिणारी मीच, आणि शेवटची पाटी माझी होती. "ते माझं नाव होतं, काकी. तुम्ही हात लावलात ते. ही पाटी त्यांची आहे. ही खरी आहे."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती पाटीकडे पाहत म्हणाली, "म्या तुज्या नावाला सुपारी ठिवली?" मी मान हलवली. "आन् तू बगत व्हतीस?" मी पुन्हा मान हलवली.

ती उठली. पाटी दोन्ही हातांत धरून पडवीतून खाली उतरली आणि वाडीच्या बेड्यापर्यंत, त्या बांबूच्या फाटकापर्यंत गेली. रस्त्याने पोस्टमन सायकल हातात धरून येत होता. तिने त्याला थांबवलं आणि पाटी त्याच्यासमोर धरली. "वाचून दाव ना जरा, काय लिवलंय."

त्याने सायकल कुंपणाला टेकवली, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, आधी नाव, मग आडनाव. "आपल्या पेंटरचं नाव की हे," तो म्हणाला. काकीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "पुन्यांदा वाच," ती म्हणाली, आणि त्याने पुन्हा वाचलं.

मी पडवीत होते, तिच्यापासून वीस पावलांवर. कलाशाळेत अक्षरांत पहिली आलेली मी तिथेच उभी होते, आणि तिने मला विचारलं नाही.